तुळजापूरहून येताना बंद पडलेला ॲम्प्लिफायर आणि २१ वॅटचा बल्ब

एप्रिल ते जून आमच्या गाडीचा ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर पडून होता. आता तो परत गाडीत बसलाय आणि नीट वाजतोय. मधल्या काळात मला हवी ती माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली. बरीचशी इंग्रजीत होती आणि बहुतेक ठिकाणी ‘जळलेला पार्ट बदला’ इथेच संपत होती. तो पार्ट जळला कशाने, हे कुणी सांगत नव्हतं. खरं काम तिथेच असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघते. घरातल्या पंख्याचा कंडेन्सर, मिक्सरचे कार्बन ब्रश एवढी कामं आधी केली होती.

गाडी दादाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची हॅचबॅक माझ्याकडे राहिली. मागच्या सीटखाली त्याने चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. बाबांना आता कमी ऐकू येतं, पण गाडीत भजन लावलं की त्यांना शब्द न् शब्द लागतो. त्यामुळे तो बंद पडणं आमच्या घरात लहान गोष्ट नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना घाट उतरल्यावर आवाज एकदम तुटला. टेप चालू, स्क्रीन चालू, स्पीकर मुके. घरी येऊन सीटखाली पाहिलं तर ॲम्प्लिफायरवर हिरव्याऐवजी लाल दिवा. या लाल दिव्याला प्रोटेक्ट म्हणतात. आत किंवा बाहेर काहीतरी चुकीचं दिसलं म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतलंय, एवढाच त्याचा अर्थ. इथे पहिली चाचणी फुकटात होते. सगळे स्पीकर आणि टेपकडून येणाऱ्या आरसीए वायरी काढायच्या, फक्त प्लस, मायनस आणि रिमोटची (टेप चालू झाला की ॲम्प्लिफायरला जागं करणारी) वायर ठेवायची आणि चालू करायचं. हिरवा दिवा आला तर दोष बाहेर, स्पीकर किंवा वायरिंगमध्ये. लालच राहिला तर दोष आत.

ही चाचणी मला नंतर कळली, कारण दुसऱ्याच दिवशी गाडी ॲक्सेसरीजच्या एका दुकानात नेली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने पाहिलं, दोन फ्यूजपैकी एक उडाला होता. मूळ फ्यूज २५ अँपिअरचे. त्याच्याकडे ते नव्हते, म्हणून त्याने दोन्ही जागी ४०चे बसवले आणि स्पीकर जोडलेलेच ठेवून तीन-चारदा चालू-बंद केलं. सीटखालून फट्‍ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. “ताई, बोर्ड गेला. नवा घ्या, नऊ हजारांत बसवून देतो.” फ्यूज हा सगळ्यात आधी मरण्यासाठी बसवलेला असतो. तो मोठा घातला की त्याच्या जागी आतले महागडे पार्ट मरतात. कुणी तुमच्यासमोर मोठा फ्यूज घालायला लागलं तर तिथेच हात धरा.

मग कंपनीचा रस्ता. सोलापुरात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही. टोल फ्री नंबरवर फोन केला, मॉडेल आणि सिरीयल नंबर सांगितला, एसएमएसने तक्रार क्रमांक आला. ७२ तासांत फोन येईल म्हणाले, तो यायला दहा-बारा दिवस लागले. मूळ बिल मागितलं. दादाने ते व्हॉट्सॲपवर पाठवलं, पण वॉरंटी एक वर्षाची आणि ती कधीच संपलेली. पुढची अट अशी होती: ॲम्प्लिफायर स्वखर्चाने कुरिअर करायचा, तपासणीचे ५०० रुपये आगाऊ भरायचे, ते परत मिळणार नाहीत. दुरुस्ती होणार नाही, पूर्ण बोर्ड बदलला जाईल. अंदाज ५८०० अधिक जीएसटी, जाण्यायेण्याचं कुरिअर वेगळं. हे सगळं मी ईमेलवर लेखी मागून घेतलं. तुम्हीही घ्या. फोनवर एक आकडा आणि बिलावर दुसरा, असं मग होत नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकणावरचा सीलचा स्टिकर अजिबात फाडू नका, आधी तोच बघतात.

सहा-सात हजार घालायची तयारी नव्हती. अशोक चौकाच्या बाजूला एक अण्णा राहतात. आयुष्यभर टीव्ही आणि स्टिरिओ दुरुस्त केले, आता दुकान मुलाकडे सोपवून घरी असतात. बाबांची आणि त्यांची गिरणीच्या काळापासूनची ओळख. त्यांच्याकडे ॲम्प्लिफायरचा डबा घेऊन गेले आणि विचारलं, “अण्णा, हे घरी होण्यासारखं आहे का?” त्यांनी उघडलासुद्धा नाही. हातात धरून वास घेतला आणि म्हणाले, “होतंय की. पण डोळ्याने मला बारीक दिसत नाही, हात तुलाच चालवायला लागंल. आणि एक ऐक, बॅटरीला थेट कधी जोडायचं नाही. मधी बल्ब पाहिजे.”

हा बल्ब म्हणजे या कामाचा जीव आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. घरातल्या विजेवर चालणारी वस्तू तपासताना मेकॅनिक सिरीज बोर्ड (विजेच्या वाटेत मध्येच बल्ब असलेला बोर्ड) वापरतात, तेच इथे १२ व्होल्टवर करायचं. गाडीच्या मागच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्यायचा आणि प्लसच्या वायरीत मध्ये जोडायचा. सगळा करंट त्या बल्बमधून जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि तरीही पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे बोर्डवर नवं काही जळत नाही. आत सगळं ठीक असेल तर चालू करताना कंडेन्सर भरेपर्यंत बल्ब क्षणभर लखकन चमकतो आणि मग मंद होतो. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते. त्यापुढे फ्यूजही कधीकधी उशिरा पोचतो. बल्ब आणि होल्डर मिळून ४० रुपये लागले.

बाकी सामान असं जमवलं. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर ११००, ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न ४५०, सोल्डर पंप १५०, तांब्याची डिसोल्डर वायर ६०, फ्लक्स ५०. आयर्न २५ वॅटचा घेऊ नका. पॉवर सप्लायच्या भागात तांब्याचे ट्रॅक इतके जाड असतात की लहान आयर्नची उष्णता ते पिऊन टाकतात, मग जोर लावला की ट्रॅकच उखडतो. बॅटरीऐवजी सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर होता, तो बल्बच्या मागे पुरला.

मे उजाडला होता. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात माडीवरची खोली दुपारी भट्टी होते, आणि सोल्डरिंग करताना पंखा लावता येत नाही, टीपचं तापमान पडतं. म्हणून मी पहाटे पाचला बसायचे, साडेसातला उठायचे. नळाला पाणी यायचा दिवस असला की तेही नाही. अशा हिशोबाने काम रेंगाळलं, पण घाई झाली नाही हे बरंच झालं.

ॲम्प्लिफायर उघडला. खालचं झाकण आठ स्क्रूंचं. त्याच्या आत पार्टवर दाब देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, त्यांचे वेगळे स्क्रू. प्रत्येक टप्प्याला फोटो काढले आणि स्क्रू कागदावर जागेनुसार चिकटवले. पट्ट्यांचे स्क्रू लांबीला वेगळे असतात, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अंगाच्या, आरपार पोचतो. हात लावण्याआधी मोठे कंडेन्सर रिकामे करा. १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर पकडीत धरून त्यांच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवला की पुरतं.

आतली रचना एकदा समजली की भीती कमी होते. गाडीचे १२ व्होल्ट मोठ्या आवाजाला अपुरे असतात. म्हणून डब्याचा अर्धा भाग १२ व्होल्टचे अधिक-उणे ३०च्या आसपास करण्याचं काम करतो. टीएल ४९४ नावाची १६ पायांची चिप दोन बाजूंना आलटूनपालटून ठोके देते, त्या ठोक्यांवर मॉस्फेट (स्विचसारखे चालणारे तीन पायांचे ट्रान्झिस्टर) उघडझाप करतात आणि मधल्या तांब्याच्या तारेच्या गोल ट्रान्सफॉर्मरला १२ व्होल्ट कधी या बाजूने, कधी त्या बाजूने मिळतात. पलीकडे डायोड आणि कंडेन्सर. दुसरा अर्धा भाग म्हणजे चार चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर. माझ्या बोर्डवर पॉवर सप्लायला चार आयआरएफ ३२०५ होते, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. आउटपुटला प्रत्येक चॅनेलला सी ५१९८ आणि ए १९४१ची जोडी.

मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मॉस्फेटच्या मधल्या आणि उजव्या पायावर टेकवला. चारही ठिकाणी ०.००२ आणि बीप. चारही गेले असं वाटून मी यादी करायला बसले होते. अण्णांना फोन केला तर म्हणाले, “थांब, गेट बघ आधी.” कारण असं की दोन्ही बाजूंचे मधले पाय त्या ट्रान्सफॉर्मरच्या जाड तारेने एकमेकांना जोडलेलेच असतात. एक जरी मॉस्फेट शॉर्ट असला तरी बोर्डवर चारही शॉर्ट दिसतात. गेट मात्र, म्हणजे डावा पाय, दोन बाजूंचे वेगळे असतात. गेट आणि उजवा पाय यांच्यात मोजलं तर एका बाजूच्या दोघांवर बीप, दुसऱ्या बाजूला नाही. ते दोन काढल्याबरोबर उरलेल्यांवर ०.४६ असं निरोगी रीडिंग आलं. काढलेल्यांपैकी एकाच्या पोटाला मोहरीएवढं भोक पडलं होतं आणि कडेला काळी काजळी. दुसरा दिसायला कोरा करकरीत, पण तोही तिन्ही पायांत शॉर्ट.

मॉस्फेट असे जातात तेव्हा एकटे जात नाहीत. १२ व्होल्ट गेटमधून उलटे मागे घुसतात. त्या बाजूचा ४७ ओहमचा गेट रेझिस्टर ओपन झाला होता (आतून तुटला होता) आणि त्यामागचा छोटा तीन पायांचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. ही जोडी तशीच ठेवून नवे मॉस्फेट बसवले असते तर पहिल्याच सेकंदाला गेले असते. ‘दुरुस्त केला आणि परत जळला’ असं लोक सांगतात, त्यातले बरेच जण इथे अडकलेले असतात असं मला वाटतं.

आउटपुटकडे डाव्या मागच्या चॅनेलचा सी ५१९८ शॉर्ट होता. बाकी सात ट्रान्झिस्टर आणि डायोड ठीक. त्या चॅनेलचे ०.२२ ओहमचे पांढरे रेझिस्टर मोजताना आधी मीटरच्या दोन पिना एकमेकांना टेकवून काय दाखवतो ते बघा. माझा ०.३ दाखवत होता, तेवढा वजा करायचा, नाहीतर चांगला रेझिस्टर बाद ठरतो. १२ व्होल्टच्या बाजूचे कंडेन्सर वरून किंचित फुगले होते. उन्हात बंद गाडी उभी राहिली की आत काय होतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्यांच्या जागी १०५ अंशांचा छाप असलेलेच घ्यायचे, ८५चे नको, आणि घेण्याआधी उंची मोजून न्यायची. उंच निघाला तर झाकण बसत नाही.

एक गोष्ट जवळून दाखवण्यासारखी आहे. मॉस्फेट आणि ॲल्युमिनियमच्या हीट सिंकमध्ये अभ्रकाचा पातळ, जवळजवळ पारदर्शक कागद असतो. मॉस्फेटच्या पाठीला वीज असते, हीट सिंक बॉडीला जोडलेला असतो, आणि मध्ये फक्त हा कागद. जुना कागद पेस्ट पुसून खिडकीसमोर धरला. एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका, आणि त्यातून उजेड येत होता. हीट सिंकवर बरोबर त्या जागी धातूची एक बारीक टोकदार कड वर आली होती. बारीक पॉलिश पेपरने ती घासली, बोट फिरवून पाहिलं आणि नवे कागद घेतले. पाच रुपयांना एक. यासाठी कुणी डबा उघडला नसता तर नव्या मॉस्फेटलाही तोच ठिपका भेटला असता.

सुटे भाग मिळवणं हा वेगळाच अध्याय. सोलापुरात आयआरएफ ३२०५ मिळाला, २५ रुपयांना एक. पण छपाई नखाने पुसत होती. अण्णांनी सांगितलेली चाचणी केली: मीटर कपॅसिटन्सवर ठेवून गेट आणि उजव्या पायात मोजायचं आणि जुन्या चांगल्या मूळ मॉस्फेटशी ताडून बघायचं. माझ्या जुन्यांपेक्षा या नव्यांचं रीडिंग निम्म्याहून कमी आलं. आत चिप लहान आहे, वर नाव मोठं छापलंय. दुकानदाराने वाद न घालता पैसे परत दिले, हे आवर्जून सांगते. त्यालाही ते तसेच आले होते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ऑडिटच्या कामाने पुण्याला जायचं होतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, काम उरकून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेले. जुना मॉस्फेट आणि मीटर पर्समध्ये होता. काउंटरवरच मोजून घेतले, कुणी हरकत घेतली नाही. आयआरएफ ३२०५ सत्तरला एक, सहा घेतले. दोनच जळले असले तरी चारही एका लॉटचे बसवायचे, कारण जोडीतला एक जुना, एक नवा असला की करंट सारखा वाटला जात नाही. दोन जास्तीचे ठेवायला. सी ५१९८ आणि ए १९४१ची जोडी १८० रुपये. आउटपुटलासुद्धा एक जळला तरी जोडीच बदलायची. रेझिस्टर, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, थर्मल पेस्ट धरून आणखी ३१०. बिल घेतलं. संध्याकाळच्या हुतात्माने परत.

जोडणीचा क्रम अण्णांनी ठरवून दिला आणि तो मी एका शब्दाने बदलला नाही. पहिल्यांदा मॉस्फेट न बसवता फक्त गेट रेझिस्टर आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर. बल्ब लावून १२ व्होल्ट दिले आणि रिमोटच्या टर्मिनलला प्लसची वायर टेकवली. रिमोट दिल्याशिवाय ॲम्प्लिफायर जागाच होत नाही, हे लक्षात असू द्या. टीएल ४९४च्या १२ क्रमांकाच्या पायावर साडेअकरा व्होल्ट, १४व्यावर ५.०. हा पाच व्होल्टचा आकडा चिप जिवंत असल्याची खूण आहे. मग दोन्ही बाजूंच्या गेटच्या जागी. माझ्याकडे असे ठोके पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप नाही, पण ठोके साधारण निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असतात, त्यामुळे साधा मीटर डीसीवर त्यांची सरासरी दाखवतो. एका बाजूला ४.९, दुसऱ्या बाजूला ४.८. दोन्ही सारखे. त्या पहाटे मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

नंतर मॉस्फेट. आधी पट्टीखाली घट्ट कसायचे, मग पाय सोल्डर करायचे. उलट केलं तर कसताना पायांवर ताण येतो. कसल्यावर प्रत्येकाची पाठ आणि हीट सिंक यांच्यात बीप येत नाही ना, ते बघायचं. हीट सिंकला न कसता ‘फक्त दोन सेकंद’ चालू करून बघू, हा मोह सोडा. शॉर्ट आउटपुट ट्रान्झिस्टर अजून काढलेलेच होते. चालू केलं, बल्ब चमकला आणि मंद झाला. रेल, म्हणजे अधिक-उणे ३०च्या त्या दोन लायनी, मोजल्या: अधिक २९.४, उणे २९.३. मग आउटपुटची जोडी बसवली. या वेळी बल्ब तांबूस राहिला आणि आवाज न करता लुकलुकायला लागला. यात घाबरण्यासारखं काही नाही. चारही चॅनेल जागे झाल्यावर करंट वाढतो, बल्बमुळे व्होल्टेज पडतं, ॲम्प्लिफायर बंद होतो, परत चालू होतो. अशा वेळी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावायचा. तो लावला, लाल दिवा दोन-तीन सेकंद दिसला आणि हिरवा झाला.

स्पीकर जोडण्याची घाई इथेही नको. चारही चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजायचं. ते शून्याच्या जवळ हवं, ५० मिलिव्होल्टच्या आत. माझे १२, १५, १८ आणि दुरुस्त केलेल्याचे ३१ आले. इथे दोन-चार व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल जळते. मग एक जुना ४ ओहमचा स्पीकर, मोबाइलवरून गाणं, आवाज हळू. खालून बाबांनी हाक मारली, “चालू झाला का गं?” कमी ऐकू येणाऱ्या माणसाला माडीवरचा आवाज गेला होता. मी खाली गेले आणि त्यांना वर घेऊन आले. अर्धा तास ते स्टुलावर बसून ऐकत होते. हीट सिंक कोमट होता, एका जागी जास्त गरम नव्हता.

पण डबा दुरुस्त झाला म्हणजे काम झालं नव्हतं. मुळात डावा मागचा चॅनेल का गेला? जूनच्या पहिल्या रविवारी गाडीत बसले. ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या स्पीकरच्या प्रत्येक वायरीत आणि गाडीच्या बॉडीत मल्टिमीटरने बीप तपासला. डावं मागचं दार बंद असताना काहीच नाही. दार पूर्ण उघडलं की बीप. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर नेण्याऐवजी बसवणाऱ्याने ती बिजागरीच्या कडेने नेली होती, आणि दार उघडझाप होऊन तिचं कातडं सोललं होतं. तुळजापूरच्या पार्किंगमध्ये आम्ही ते दार कितीदा उघडलं-लावलं असेल. वायर नवी ओढली, या वेळी रबरी नळीतून. तेवढ्या एका नळीतून वायर सरकवायला सकाळ गेली. सायकलच्या ब्रेकची तार आधी घालायची आणि तिला वायर बांधून ओढायची, म्हणजे होतं.

दुसरी शंका अर्थिंगची, म्हणजे मायनस वायर गाडीच्या बॉडीला जोडली होती त्या जागेची, होती. त्यासाठी ॲम्प्लिफायर बसवायची गरज नाही. त्याच्या प्लस-मायनस वायरींना हेडलाइटचा तोच ५५ वॅटचा बल्ब जोडला, म्हणजे साधारण साडेचार अँपिअरचा भार आला, आणि मायनस वायरीचं टोक ते बॅटरीचं मायनस एवढ्यात व्होल्टेज मोजलं. ०.४ व्होल्ट. दिसायला लहान, पण ॲम्प्लिफायर २० अँपिअर ओढतो तेव्हा हेच पावणेदोन व्होल्ट होतात. आवाज फाटतो, माणूस गेन (ॲम्प्लिफायरने आवाज किती पट मोठा करायचा ते) वाढवतो, डबा तापतो. वायर सीटबेल्टच्या बोल्टला, रंगावरूनच कसलेली होती. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरूच नये, तो आपला जीव धरून ठेवायला आहे. मी फ्लोअरच्या वेगळ्या बोल्टजवळचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नवं थिंबल, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. परत मोजलं, ०.०२. वायरही बदलली. जुनी सुरीने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. शुद्ध तांब्याची आठ गेजची पाच मीटर १३५० रुपयांना मिळाली. बॅटरीजवळ दीड फुटाच्या आत मेन फ्यूज नव्हता, तो २०० रुपयांत होल्डरसकट बसवला. डब्यावर मूळचेच २५चे दोन.

गेन कानाने न लावता मीटरने लावला. स्पीकर काढून, टेपचा आवाज पाऊण ठेवून, मोबाइलवरून एक हजार हर्ट्झचा सरळ सूर वाजवायचा आणि टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघायचं. ४ ओहमला ५० वॅट हवे असतील तर ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. तेवढे व्होल्ट दिसले की गेन तिथेच सोडायचा. साधे मीटर एवढ्या वरच्या सुरावर चुकीचं दाखवू शकतात. तुमचा तसा असेल तर १०० हर्ट्झचा सूर घ्या, पण त्या वेळी टेपचे बास-ट्रेबल शून्यावर आणि ॲम्प्लिफायरचे फिल्टर बंद ठेवा.

खर्चाचा हिशोब: डब्याच्या आतले सुटे भाग ९५०च्या आसपास, गाडीतलं वायरिंग साधारण १७००, अवजारं १८५०, आणि अवजारं घरातच राहिली. पुण्याचं तिकीट तसंही ऑफिसच्या कामाचं होतं. अण्णांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, म्हणून त्यांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोचवली. कंपनीला ईमेल करून तक्रार क्रमांक बंद करायला सांगितला, दोन दिवसांत बंद झाल्याचा एसएमएस आला. तो बंद न करता तसाच सोडला तर अधूनमधून फोन येत राहतात.

जुलैत पंढरपूरला जाऊन आलो तेव्हा बाबांनी जातानाही आणि येतानाही अभंग लावायला सांगितले. परत आल्यावर पट्ट्यांचे आणि अर्थिंगचे स्क्रू एकदा पुन्हा कसले, दोन्ही पाव फेरा फिरले. डाव्या मागच्या चॅनेलचा गेन फिरवताना अजून बारीक खरखर येते. त्या पोटेन्शिओमीटरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणून ठेवलाय, पाऊस जरा उघडला की तेवढं काम करायचं आहे.